बानूच्या ताईंना, सगळ्यांसमोर थँक्यू

ताई, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो त्यात काय" म्हणून लगेच दुसऱ्या कुठल्यातरी पिल्लाचा विषय काढता, म्हणून आज सगळ्यांसमोरच लिहितेय. बानू तिच्या घरी गेली, तिथे छान रुळली, आणि हे तुमच्यामुळे झालं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. बानू म्हणजे बॉर्डर कोलीचं पिल्लू, साधारण 9 आठवड्यांची असताना हिंजवडीकडे रस्त्याच्या कडेला कुणीतरी सोडून दिलेली. डोळ्यांभोवतीचे आणि पायांवरचे केस गेलेले, पोट जंतांनी फुगलेलं. ताई अशी सोडलेली पिल्लं सांभाळून त्यांना घरं शोधून देतात, त्यांच्याकडे तेव्हा पार्व्होतून, म्हणजे पिल्लांच्या त्या जीवघेण्या आजारातून, नुकती उठलेली पिल्लं होती आणि पार्व्होचा व्हायरस घरात महिनोन्महिने टिकतो, हिची तर एकही लस झालेली नव्हती, मग ती आमच्याकडे फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत राहायला आली. नाव सासूबाईंनी ठेवलं. आमचं कुलदैवत जेजुरीचं, त्या म्हणाल्या मेंढरं राखणारी जात आहे ना, मग बानूच.

ताई, पहिली गोष्ट ते इंजेक्शन. डॉक्टरांकडे जायच्या आधी तुम्ही मला बजावून सांगितलंत की खरजेसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सुचवलं तर थांबा आणि मला तिथूनच फोन लावा. मला तर हे काही माहीतच नव्हतं. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये एमडीआर1 नावाच्या जीनमध्ये दोष असतो, 2001 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत तो सापडला, त्यामुळे औषध मेंदूत शिरतं आणि साठत जातं, खरजेच्या मोठ्या डोसला कुत्रं थरथरतं, आंधळं होतं, कोमात जातं, मरतंसुद्धा. बॉर्डर कोलीत हा दोष रफ कोलीपेक्षा खूप कमी सापडतो हेही तुम्हीच सांगितलंत, पण हिचे आईबाप कोण कुणाला माहीत, मग रिस्क कशाला. डॉक्टरांना बोलले तर त्यांनी लगेच ऐकलं, त्वचा खरवडून तपासली, डेमोडेक्स नावाचा खरजेचा किडा निघाला, आणि दुसऱ्या गटातली चघळायची गोळी दिली. आता डोळ्यांभोवती असे काळेभोर केस आलेत की आधीचा फोटो दाखवला तर कुणी मानत नाही.

मग सुरू झालं ते घोट्याला दात लावणं. पार्किंगमध्ये पोरं पळाली की ही जमिनीला पोट टेकून दबा धरायची, एकटक बघायची आणि सुटायची. स्कूटर दिसली तरी तेच, जीव घशात यायचा. वॉट्सअ‍ॅपवर ज्याला विचारावं तो म्हणे एनर्जी खूप आहे, बॉल टाकत रहा, दमव तिला. तुम्ही म्हणालात दमवू नका, झोपवा! एवढ्या लहान पिल्लाला दिवसात 18 तास झोप लागते, ती मिळाली नाही की चावरेपणा वाढतो, आणि बॉलमागे पळवून पळवून तर पाठलागाचीच सवय पक्की होते. रात्री साडेदहाला, स्वतःच्या घरी एवढा पसारा असताना, तुम्ही मला बसून समजावलंत की ही नजर तिच्या रक्तातच आहे, आजचे जवळपास सगळे बॉर्डर कोली 1893 मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या ओल्ड हेम्प नावाच्या एका कुत्र्यापर्यंत मागे जातात, तो न भुंकता नुसत्या नजरेने मेंढरं वळवायचा. हे कळल्यावर मला तिचा राग येणंच बंद झालं. जुन्या टॉवेलात खाऊ गुंडाळून द्यायचा, घरभर वास काढत शोधायला लावायचं, दुपारी क्रेटवर, म्हणजे तिच्या झोपायच्या पिंजऱ्यावर, चादर टाकून झोपवायचं, स्कूटर लांबून दिसली की तिने माझ्याकडे वळून बघावं म्हणून चिकनचा तुकडा. दात लावणं हळूहळू कमी झालं.

पण मला खरे आभार मानायचेत ते घर निवडल्याबद्दल. फोटो टाकल्या टाकल्या फोनवर फोन. एक कुटुंब तर मलाही फार आवडलं होतं, मोठा बंगला, लॉन, माणसं गोड, पण दोघंही सकाळी गेले की रात्री येणार. दुसरे म्हणाले आमची शेती आहे, शेळ्या आहेत, आणि आमच्या घरात सगळ्यांचं एकमत झालं की झालं, मेंढरांच्या कुत्र्याला अजून काय हवं. तुम्ही होम चेकला स्वतः गेलात आणि परत येऊन शांतपणे म्हणालात, तिथलं आधीचं कुत्रं दिवसभर साखळीला असतं, ही पण साखळीलाच राहील, जागा बघू नका, तिच्यासाठी वेळ कुणाकडे आहे ते बघा. दोघांनाही नाही म्हणालात. लोक काय काय बोलले तुम्हाला, फुकट द्यायचं तर एवढे नखरे कशाला इथपर्यंत, आणि तुम्ही एकालाही उलट बोलला नाहीत. मला ते जमलं नसतं हो, मी त्या बंगल्यालाच देऊन मोकळी झाले असते.

आणि मग कोथरूडच्या त्या टू बीएचकेवाल्या काकू. घरीच ट्यूशन घेतात, दिवसभर घरात, त्यांच्या भाचीने आधी कुत्री ट्रेन केलेली. भेटायला आल्या तर बानूला उचलून घेतलं नाही, जमिनीवर बसून राहिल्या, ती स्वतः येईपर्यंत. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मला कळलं. तरीही अ‍ॅडॉप्शन फॉर्मवर उरलेल्या लसी, नसबंदी, जमलं नाही तर परत तुमच्याकडेच द्यायचं, सगळं त्यांच्याकडून लिहून घेतलंत.

काल काकूंनी व्हिडिओ पाठवला, बानूला आता "थांब" म्हटलं की जिन्याच्या वरच थांबते, ट्यूशनची पोरं खाली उतरली तरी. सासूबाईंनी चारदा बघितला.

मे महिन्यात आम्ही गावाला चाललोय. जूनपासून मागची खोली मोकळी आहे, क्रेट आमच्याकडेच आहे. कुणी लहानगं असेल तर सांगा ताई, विचारायला संकोच करू नका.