पोरं मोजताना ऊसफड विसरू नका

महोदय,
२००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या दीड कोटीने वाढली, पण शून्य ते सहा वयोगटातली मुले १ कोटी ३७ लाखांवरून १ कोटी ३३ लाखांवर आली. कुटुंबे लहान झाली, त्यात वावगे काही नाही. खुपतो तो आमच्या बीडचा आकडा: याच वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ८९४, २०११ मध्ये ८०७. गर्भलिंगनिदानाला चाप लावणारा राज्याचा कायदा १९८८ चा, म्हणजे देशाच्याही आधीचा! २००१ ते २०११ या दशकातली बाळे आता लग्नाच्या उंबरठ्यावर आहेत. मुलगी मिळत नाही म्हणून मुलाचे बाप शेतीच्या नावाने बोटे मोडतात. ती जन्मलीच नाही, हे कुणी बोलत नाही.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्या सुमारास आमच्याकडचे कित्येक तांडे ऊसतोडीला गेलेले असतात, दाराला कुलूप आणि ओसरीवर एखादी म्हातारी. फडावरच्या कोपीपुढच्या (ऊसतोड्यांच्या झोपडीपुढच्या) झोळीतले लेकरू कारखान्याच्या जिल्ह्यात मोजले जाईल, अंगणवाडीच्या पटावर मात्र ते गावातच. प्रगणकांना फडावर जरूर पाठवावे, पण मुलांच्या मूळ गावाची वेगळी यादी जिल्हा परिषदेने हंगाम सुरू होण्याआधीच करून ठेवावी.

– एक निवृत्त शिक्षक, केज (जि. बीड)