दोन ओळींपुरती जागा

महोदय,

कालच्या अंकात आपल्याकडच्या एका फंक-रॉक, म्हणजे नाचऱ्या ठेक्याचे रॉक वाजवणाऱ्या, बँडच्या युरोप दौऱ्याची अर्ध्या पानाची बातमी वाचली. मुलांचे मनापासून कौतुक. पाठीशी रेकॉर्ड कंपनी नसताना एवढी गर्दी जमलीच कशी, हा आपल्या वार्ताहराचा प्रश्न मात्र थोर आहे.

माझा भाचा अशाच एका बँडमध्ये बेस, म्हणजे खर्जातली गिटार, वाजवतो. पोरांनी पदरमोड करून वाशीत कार्यक्रम ठेवला तेव्हा टिपण घेऊन मी स्वतः आपल्या कार्यालयात आलो होतो. 'आजचे कार्यक्रम'मध्ये दोन ओळी, एवढेच मागणे. तिथल्या गृहस्थांनी कागद उलटापालटा करून विचारले, "काका, हे ऑर्केस्ट्रात धरायचं का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग जागा नाही. जाहिरात द्या." कार्यक्रमाच्या दिवशी त्याच पानावर एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस होता, खाली हात जोडलेल्या कार्यकर्त्यांची अख्खी रांग. त्यांना जागा पुरली! आमच्या कार्यक्रमाला मात्र प्रेक्षकांत निम्मे आमचेच नातेवाईक.

सरावाचे तर विचारूच नका. संध्याकाळी सहाला ड्रम वाजला की सोसायटीचे सेक्रेटरी मोबाइलवर डेसिबल मोजत दारात हजर. निवासी भागात दिवसा 55 ची मर्यादा आहे, हे त्यांना पाठ आहे. विसर्जनाच्या डीजेपुढे नाचताना तो मोबाइल कुठे असतो कोण जाणे. फंकमध्ये बेस आणि ड्रम पहिल्या मात्रेवर नेमके भेटतात. समेवर मान डोलावणाऱ्याला ते कळू नये?

घरच्यांकडे असे दुर्लक्ष आजचे नाही. आपल्या मुंबईच्या चरणजितसिंग यांनी 1982 मध्ये सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून तबकडी केली. इथे कोणी ढुंकून पाहिले नाही. 2010 मध्ये हॉलंडमधून ती तबकडी पुन्हा निघाली, मग म्हातारपणी त्यांना युरोपातून बोलावणी. दिल्लीच्या ब्लडीवूड या मेटल बँडचा बाज वेगळा, पण तेही 2019 मध्ये जर्मनीत वाकेनच्या मेटल महोत्सवात वाजवून आले, तेव्हा कुठे इथल्या अनेकांना नाव कळले. कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड मात्र नेरूळला आला, जानेवारी 2025 मध्ये, तर तीन कार्यक्रमांसाठी सारे शहर दिमतीला! आपणही पानेच्या पाने वाहिलीत. त्या दिवसांत घरापर्यंत रिक्षा मिळेना, याबद्दल मात्र एक ओळ नाही. रिक्षांचे रडगाणे एरवीही आहेच, त्यावर वेगळे पत्र लिहीन.

आणि हो, कालच्या छायाचित्रात जिला आपण 'मुख्य गिटारवादक' म्हटले आहे, तिच्या हातात बेस आहे. चार तारा आहेत, मोजता येतात.

भाच्याच्या बँडचा पुढच्या शनिवारी बेलापूरला कार्यक्रम आहे, टिपण सोबत जोडले आहे. परदेशात अजून गेलेले नाहीत, तरी छापता आले तर पाहा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, नेरूळ