बाबांसाठी एकच तबकडी

स्लायगो, आयर्लंड

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही फर्मान काढलंत : "तुझ्या त्या आयरिश बासरीवाल्यांचं काहीतरी पाठव, पण एकच पाठव. दहा लिंका पाठवतेस आणि मग माझं एकही ऐकून होत नाही." तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. जावईबापू वैतागलेत. म्हणतात, "पाठव की कुठलंही, बाबांना काय कळणार आहे?" तुम्हाला काय काय कळतं ते त्यांना माहीत नाही.

आई, आधी तुझं. मी हे संगीत ऐकायला पबात जाते याची तू धास्ती घेतली आहेस. इथल्या पबात कोपऱ्यातल्या टेबलाभोवती पाच-सहा जण वाद्यं घेऊन बसतात. स्टेज नाही, माइक नाही, तिकीट नाही. मी चहा मागवते आणि तो मिळतोही. त्यात निम्मे वाजवणारे तुझ्या वयाचे असतात. आता तरी देवाला साकडं घालू नकोस.

बाबा, वाद्य तुम्हाला लगेच ओळखीचं वाटेल. बँडमधल्यासारखी चंदेरी, चाव्यांनी भरलेली बासरी नाही ही. काळ्या लाकडाची, आडवी धरायची, सहा उघड्या भोकांची. लंडनच्या रुडॉल अँड रोजसारख्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकात अशा बासऱ्या केल्या होत्या. बोहम नावाच्या जर्मन माणसाने १८४७ मध्ये धातूची नवी बासरी काढली. हळूहळू ऑर्केस्ट्रावाल्यांनी लाकडी बासऱ्या टाकून दिल्या, त्या स्वस्तात विकल्या गेल्या आणि आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत पोचल्या. बोट थेट भोकावर पडत असल्याने सूर घसरवता येतो, टिचकी मारता येते. आपल्याकडे तीन भोकं बंद केली की सा आणि सहाच्या सहा बंद केली की खालचा पंचम. यांचा सहा बंद केल्यावरच सा. एवढं ध्यानात ठेवलंत की बोटं दिसायला लागतील. सूरही परके नाहीत. बहुतेक चाली बिलावल, काफी नाहीतर खमाज थाटात बसतात.

पण आलापाची वाट बघू नका. हे मुळात नाचाचं संगीत आहे. आठ मात्रांचे नव्हे, आठ आवर्तनांचे म्हणा हवं तर, असे दोन तुकडे. पहिला दोनदा, दुसरा दोनदा, पुन्हा सगळं पहिल्यापासून आणि मग दम न घेता दुसऱ्या चालीत उडी. रील आणि जिग हे या नाचाच्या चालींचे दोन प्रकार : रील केरव्याच्या अंगाने जाते, जिग दादऱ्याच्या. आई पाचव्या मिनिटाला म्हणणार, "सारखं तेच तेच काय गं!" तिला म्हणावं, चाल तीच आहे, पण प्रत्येक फेरीला तो कुठे श्वास घेतो, कुठला सूर गाळतो आणि कुठे 'रोल' टाकतो, ते बघ. रोल म्हणजे एकच सूर धरून ठेवायचा, वरचं एक बोट निमिषभर उचलून त्याला चिरायचं, लगेच खालच्या बोटाने टिचकी द्यायची आणि परत त्याच सुरावर यायचं. जीभ लावायची नाही, फुंक तोडायची नाही. ऐकताना वाटतं, सुराला गुदगुल्या झाल्या.

आता निवड. इथे कुणालाही विचारा, पहिलं नाव मॅट मोलॉय यांचं येतं. १९४७ चा जन्म, रॉसकॉमन परगण्यातलं बॅलाहाडरीन हे त्यांचं गाव. त्यांची पहिली स्वतंत्र रेकॉर्ड १९७६ ची, साथीला डोनल लनी यांचं बुझुकी हे तारवाद्य. बोटांची सफाई अशी की तुम्ही दोनदा मागे नेऊन ऐकाल. हा माणूस आधी एअर लिंगस या विमान कंपनीत फिटर होता. तुम्ही एसटीच्या वर्कशॉपात, ते विमानांच्या. पुढे १९७९ मध्ये ते चीफटन्स या जगभर गाजलेल्या जथ्यात गेले. वेस्टपोर्टला त्यांच्या नावाचा पबही आहे. डोळे मिटून तीच रेकॉर्ड पाठवली असती तरी मला कुणी नावं ठेवली नसती.

तरीही ती पाठवत नाहीये. मी पाठवतेय जॉन मकेना.

मकेना १८८० चे, इथून जवळच्या लीट्रिम परगण्यातले, लॉख ॲलन तळ्याच्या बाजूचे. १९०९ साली न्यूयॉर्कला गेले आणि तिथे अग्निशमन दलात लागले. १९२१ पासून १९३७ पर्यंत त्यांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघत राहिल्या. त्या तबकड्या बोटीतून आयर्लंडला परत आल्या आणि ज्या गावांतून ही चाल गेली होती, त्याच गावांतली पोरं ती ग्रामोफोनवरून शिकली. १९४७ मध्ये, म्हणजे मोलॉय जन्मले त्याच वर्षी, मकेना गेले.

मोलॉय नकोत आणि मकेना का? कारण ऐकणारे तुम्ही आहात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकत तुम्ही वाढलात, अजून मिरजेच्या दर्ग्यातला उत्सव चुकवत नाही. तीन-साडेतीन मिनिटांत सगळं सांगून मोकळं व्हायचं आणि तेही खरखरीतून ऐकायचं, याची सवय तुमच्या कानांना आहे. आजच्या पोरांना खरखर आड येते. तुम्ही ती बाजूला सारून पलीकडचा माणूस ऐकता. मोलॉय यांच्या वाजवण्यात शोधूनही खोट सापडत नाही. मकेनांच्या वाजवण्यात फुंक ऐकू येते, दर ठेक्यावर छातीतून मारलेली. श्वास हवा असला की ते सरळ सूर गाळतात, लपवाछपवी नाही. आणि त्या गाळलेल्या जागेमुळेच चाल पुढे ढकलली जाते. सफाईने मी थक्क होते, पण पाय हलतो तो मकेनांनी. हे माझं मत. इथले काही जाणकार मला यावरून वेड्यात काढतात.

त्यातही पाठवलीय ती जेम्स मॉरिसन या स्लायगोच्या फिडलवादकासोबतची (फिडल म्हणजे व्हायोलिनच) रीलची जोडी. १९२१ मधल्या तबकड्या भोंग्यात वाजवून केलेल्या, त्यात आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ नंतर रुळलं आणि ही तबकडी त्यानंतरची आहे. फिडल आणि बासरी एकच चाल वाजवतात, जुगलबंदी नाही, सवालजवाब नाही. तरी दोघांचे रोलसारखे दागिने वेगवेगळ्या जागी पडतात. पहिल्यांदा फक्त बासरी पकडा, दुसऱ्यांदा फिडल. मागच्या पियानोकडे मात्र काणाडोळा करा. त्या काळच्या बऱ्याच साथीदारांना चाल ठाऊकच नसावी असं वाजतं.

एक काम दादाकडून करून घ्या. तुमच्या कानाच्या मशीनमध्ये त्याची स्वतःची शिट्टी दाबून टाकायची सोय असते, आणि बासरीचा लांब सूर त्या मशीनला शिट्टीच वाटू शकतो. मग ते सूर कापतं किंवा थरथरवतं. आकाशवाणी सांगलीवर बासरी "हलते" अशी तुमची तक्रार होती ना, ती बहुधा याचमुळे. कान तपासणाऱ्या बाईंना सांगून संगीतासाठीचा वेगळा प्रोग्रॅम टाकून घ्यायला लावा. एरवी हे वाद्य तुमच्या कानांना सोयीचं आहे. त्याचे मूळ सूर साधारण ३०० ते १००० हर्ट्झमध्ये असतात, आणि वयाने आधी जातात ते त्याच्या बरेच वरचे आवाज. तबकडीची खरखर तुम्हाला माझ्यापेक्षा कमीच ऐकू येईल. हा म्हातारपणाचा फायदा कुणी सांगितला नसेल!

फाइल दादाच्या फोनवर पाठवली आहे. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, तो जुना टू-इन-वन वायर लावून चालतो. गोळी घेतल्यावर ऐका. आधी ऐकाल तर गोळी विसराल. आई, तू एक फेरी तरी बसून ऐक, पोळ्या मग कर. आवडली तर मकेनांच्याच पोल्का या दुसऱ्या नाचाच्या तबकड्या आहेत, त्या तुला जास्त आवडतील असा माझा अंदाज.

आणि बाबा, नाही आवडली तर मोलॉय तयार आहेत. तसं रविवारी स्पष्ट सांगा. माझं मन राखायला "छान आहे" म्हणू नका, तुमच्या आवाजावरून मला कळतं.

तुमची,
ताई