गिअरबॉक्स खोलण्याआधी बाहेरून तपासा

महोदय,

लांब पल्ल्याच्या मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्यांपर्यंत आपल्या सदरातून एक कळकळीची विनंती पोचवायची आहे. ‘गिअर नीट पडत नाही’ अशी तक्रार आली, की इंजिन खोलायची भाषा करण्याआधी गाडी डबल स्टँडवर घ्या आणि मालकासमोर दहा मिनिटं तपासा.

माझी गाडी सहा गिअरची, चेनवर चालणारी. चेन-स्प्रॉकेटचा सेट बदलून घेतला आणि पुढच्याच प्रवासात दुसऱ्यावरून तिसरा टाकताना गिअर मधेच राहायला लागला. धड दुसरा नाही, धड तिसरा नाही. मागे पत्नी, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. चढावर ओव्हरटेक करताना हे झालं, इंजिन नुसतंच ओरडलं, गाडीचा जोर गेला आणि मागचा ट्रक अंगावर येतो की काय असं वाटलं. परतल्यावर वर्कशॉपमध्ये एक चक्कर मारून निदान सांगण्यात आलं: गिअर सरकवणारा आतला फोर्क वाकलाय, गिअरबॉक्स खोलावा लागेल.

मी आयुष्यभर लेथवर काम केलं. माप घेतल्याशिवाय जॉबला हात लावायचा नाही, ही सवय हाडात भिनलेली. गाडी घरी आणली. गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या गिअर शाफ्टच्या तोंडावरून त्याच्यावर बसलेल्या आर्मवर अशी एक सलग रेघ पांढऱ्या मार्करने मारली आणि पेडल हाताने वर उचललं. रेघ तुटली! आर्म सरकला होता, शाफ्ट जागेवरच. माझ्या गाडीत पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर काढायचं तर आधी हा आर्म काढावा लागतो. परत बसवताना त्याचा बोल्ट पुरता आवळलेलाच नव्हता. पेडल आणि आर्म जोडणाऱ्या रॉडच्या टोकांचे बॉल जॉइंटही कोरडे ठणठणीत. सगळं साफ करून ग्रीस भरलं, आर्म नीट बसवून बोल्ट कसला आणि रॉडची लांबी जुळवली. या रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे दोन्ही लॉकनट ढिले केले की रॉड नुसता फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. तेव्हापासून तिसरा एकदाही अडकलेला नाही.

अशी ढिलाई क्षुल्लक समजू नये. या गिअरबॉक्समध्ये गिअरचे दात कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. सरकतात ते गिअरच्या अंगावरचे खुंट, ज्यांना डॉग म्हणतात. पेडलची हालचाल आतपर्यंत पुरती पोचली नाही, तर डॉग अर्धवट अडकतात, एकमेकांवर घासतात आणि त्यांच्या कडा गोल होतात. मग खरोखरच जोर दिला की गाडी गिअरमधून सुटायला लागते. त्या वेळी मात्र इंजिन खोलण्याला पर्याय नाही, हे मलाही मान्य आहे.

दुसरा संशय क्लचचा. इंजिन बंद ठेवून मागचं चाक हाताने फिरवत सगळे गिअर टाकून बघावेत. चाक न फिरवता गिअर पडला नाही तर तो दोष धरू नये. फिरवताना सहज पडतात आणि इंजिन चालू असताना अडतात, गरम झाल्यावर सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, तर क्लच पूर्ण सुटत नाही असं समजावं. केबल असेल तर लिव्हरची मोकळीक बघावी, हायड्रॉलिक असेल तर फ्लुइड जुनं झालंय का, लाइनमध्ये हवा शिरलीय का ते बघावं. इंजिन ऑइल जुनं झालं तरी गिअर रखरखीत लागतात. हे सगळं इंजिनच्या कव्हरला हात न लावता कळतं.

म्हणून जॉब कार्डवर ‘गिअर प्रॉब्लेम’ एवढंच लिहून घेऊ नये. कोणत्या गिअरवरून कोणत्या गिअरला, थंड असताना की गरम झाल्यावर, जोर देताना की सोडताना, आणि त्याआधी गाडीवर कोणतं काम झालं होतं, हे विचारून नोंदवावं. मला तो शेवटचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. गाडीवाल्यांनीही हे स्वतःहून सांगावं. नवे जाड तळव्याचे बूट घेतले असतील तर तेसुद्धा सांगावं, कारण पेडल त्या बुटाला खाली पडत असेल तर पाय पुरता उचललाच जात नाही.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त लेथ ऑपरेटर