दुष्काळी झाडं कोल्हापुरात जुलैत मरतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कमी पाण्यातल्या बागेवरचा लेख वाचला. कळकळ पटली, पण झाडांची यादी पाहून हसू आलं. अडेनियम (फुगीर बुंध्याचं वाळवंटी फुलझाड), गोल निवडुंग, मध्ये पांढरे गोटे. सोलापुरात ही बाग शोभेलही. कोल्हापुरात ती उन्हाळा आरामात काढते आणि जुलैत मरते.

मी हे पैसे घालवून शिकलो आहे. पाचगावच्या माळावर घर बांधलं तेव्हा बाग करून देणाऱ्यानं आधी दारात ५०० चौरस फूट लॉन अंथरलं. ऐन उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला चार-पाच लिटर. ५०० चौरस फूट म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. रोज दोनशे लिटर गवताला घालायचे आणि आपण बादली मोजून आंघोळ करायची! दुसऱ्या मे महिन्यात लॉन पिवळं पडलं, तसं त्याच गृहस्थानं ‘वाळवंटी थीम’ सुचवली. अडेनियम फुलले, पाहुण्यांनी फोटो काढले. मग आषाढात झड लागली ती आठ दिवस हटेना. एके सकाळी बुंध्यावर बोट टेकवलं, तर ते पिकल्या केळात जावं तसं आत गेलं. हाताचा वास दोन दिवस गेला नाही.

आपल्या शहराला वर्षाकाठी हजारेक मिलिमीटर पाऊस मिळतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. पुढचे आठ महिने आभाळाकडून परतीच्या आणि वळवाच्या सरींपलीकडे फारसं काही येत नाही. म्हणजे इथं झाडाला चार महिने पाण्यात उभं राहता आलं पाहिजे आणि आठ महिने पाण्यावाचून. वाळवंटातल्या झाडाला यातलं एकच येतं. दोन्ही येतं ते आपल्या डोंगरउतारावरच्या झाडांना, आणि त्यांना आपण ‘झुडपं’ म्हणून जेसीबी लावतो.

जोतिबाच्या वाटेला चैत्र यात्रेआधी एकदा नीट बघा. सगळं करपलेलं असताना धायटी लालभडक फुलांनी लगडलेली असते. आसव-अरिष्टांत, म्हणजे आंबवून केलेल्या आयुर्वेदिक औषधांत, घालतात तीच ही धायटी. माझ्याकडे ती कुंपणाच्या कोपऱ्यात आहे. फेब्रुवारी लागला की सूर्यपक्षी येतात आणि फांदीला उलटे लोंबकळून एकेक फूल तपासतात. कुंपणालाच करवंद लावली. काट्यांमुळे जनावर शिरत नाही, पांढऱ्या फुलांना मंद वास आणि वर मे महिन्यात करवंदं. एवढं सगळं देणारं कुंपण कुठल्या कॅटलॉगात आहे?

पूर्वेकडच्या कोरड्या माळावरचा पिवळाधमक तरवड मी मुरमाच्या उंचवट्यावर लावला, पाणी बुडाशी थांबू नये म्हणून. याच्या सालीनं पूर्वी कातडं कमावत. चपलांसाठी नाव मिळवलेल्या गावात तरवड ओळखणारा शेजारी मला अजून भेटलेला नाही. पुढच्या ओळीत कोरांटी आणि गुलबक्षी. गुलबक्षी उन्हाळ्यात वाळून नाहीशी झाली तरी खाली कंद असतो, पावसाला ती पुन्हा वर येते. भुईचाफाही तसाच, पण त्याचं फूल आधी आणि पानं मागाहून. वळीव पडला की उघड्या मातीतून थेट जांभळट-पांढरं फूल निघतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कुणी खोचून ठेवलंय.

परदेशी म्हणून सगळंच टाकायला नको. पांढरा चाफा मूळचा अमेरिकेकडचा, पण निष्पर्ण असतानाही त्याच्या फांद्या बघत राहाव्यात. बोगनवेलीला तर पाणी जास्त झालं की नुसती पानंच येतात. घायपातही बांधावर पिढ्यान्‌पिढ्या टिकलाय. कण्हेर सुंदर आणि चिवट, पण विषारी. घरात लहान मूल असेल तर नको. टंटणी मात्र कितीही रंगीत दिसली तरी लावू नका; ती आधीच डोंगर खात चालली आहे.

मोगरा, जास्वंद यांना पाणी लागतंच. ती मोरीजवळ लावली की धुण्याचं शेवटचं पाणी त्यांना जातं. रोपं मृगाच्या पावसावर लावावीत, म्हणजे मुळं फुकटात खोल जातात. तरी पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक-दोनदा पाणी द्यावंच लागतं. ‘दुष्काळी’ म्हणून लावून विसरलेली रोपं मीही गमावली आहेत. आणि बुडाशी उसाचं पाचट पसरा. आपल्या जिल्ह्यात त्याला काय तोटा? शिवारात काडी लागण्याआधी चार गाठोडी मागून आणली की काम झालं.

आता तक्रार. धायटीच्या रोपासाठी मी चार रोपवाटिका फिरलो. एका ठिकाणी उत्तर मिळालं, ‘ते डोंगरावरचं, पैसे देऊन कोण नेणार?’ डोंगरावरून उपटून आणणं मला पटत नाही, आणि उपटलेलं सहसा जगतही नाही. शेवटी बियांपासून केली. दोन वर्षं गेली. ही झाडं दिसतात कशी हे ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाची बाग शहरातच आहे. पण बघून आल्यावर विकत घ्यायला जायचं कुठं? रोपवाटिकावाल्यांनी येत्या मृगाला धायटी, तरवड, करवंदाची शंभर-शंभर रोपं तरी करून बघावीत. पहिली दहा मी घेईन, गल्लीत लावायला.

आपला,
एक वाचक
पाचगाव, कोल्हापूर