रविवारची श्रवणबैठक : ‘हूडू मॅन ब्लूज’

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या जागी आपण ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकगीतांतून आलेलं संगीत) गाणारे ज्युनियर वेल्स यांचा ‘हूडू मॅन ब्लूज’ हा अल्बम ऐकणार आहोत, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, सलग.

सप्टेंबर १९६५मध्ये शिकागोत हा अल्बम डेलमार्क कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाला. निर्माते बॉब केस्टर. वाजवणारे चौघेच. गाणं आणि माउथऑर्गन वेल्स यांचं, गिटार बडी गाय, बास जॅक मायर्स, ड्रम्स बिली वॉरन. एवढ्या कमी वाद्यांत इतकी मोकळी जागा ठेवून वाजवलेला ब्लूज मला दुसरा माहीत नाही. वेल्स कुठे ओरडत नाहीत. ओळ अर्धी म्हणतात, थांबतात, आणि उरलेलं माउथऑर्गन बोलतो.

शीर्षकगीताची गिटार मुद्दाम ऐका. ध्वनिमुद्रण चालू असताना बडी गाय यांचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला, तेव्हा गिटार हॅमंड ऑर्गन या विजेवरच्या वाद्याच्या लेस्ली स्पीकरला जोडली गेली. त्या स्पीकरमधला भाग गोल फिरतो, म्हणून सूर पाण्यावर हलल्यासारखा येतो. सुरुवातीच्या प्रतींवर गाय दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध असावेत या शंकेमुळे त्यांचं नाव ‘फ्रेंडली चॅप’ असं छापलं होतं.

वेल्स जानेवारी १९९८मध्ये गेले. त्यांचं काही ऐकलंच नसेल, तर सुरुवात इथूनच करावी.

बैठक वेळेवर सुरू होईल. गाणी चालू असताना फोन बंद ठेवावेत, बोलणं नंतर. कुणाकडे या अल्बमची जुनी तबकडी असल्यास जरूर आणावी.