धुकं असलं तर थांब

क्रेसेंट सिटी, कॅलिफोर्निया

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सहलीचा बेत काल रात्री बाबांनी मोठ्याने वाचून दाखवला. मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघायचं, किनाऱ्याने इथवर यायचं आणि परत फिरायचं, सगळं चार दिवसांत. एका बाजूचं अंतरच साडेतीनशे मैलांच्या वर आहे, बाळा. त्यातून किनाऱ्यालगतच्या हायवे वनवर मैल मोजून काही कळत नाही, वळणं मोजावी लागतात. आम्ही अकरा दिवस घेतले, तरी दोन ठिकाणांहून पाय निघत नव्हता.

बेताच्या शेवटी तू लिहिलं आहेस, 'धुकं असलं तर न थांबता पुढे जाऊ.' त्या ओळीमुळे झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

पॉइंट रेयेसला आम्ही पोचलो तेव्हा दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. दीपगृहाकडे 313 पायऱ्या उतरून जातात. बाबा म्हणाले, 'खाली जाऊन तरी काय दिसणार?' तरी कठडा धरून उतरत राहिलो. आणि खाली येता येता धुकं डोक्यावर राहिलं. वर पांढरं छत आणि त्याच्याखाली दूरवर पसरलेला समुद्र. तो दिवा 1870 साली लागला. बांधणाऱ्यांनी कड्याचा माथा सोडून मुद्दाम इतक्या खाली जागा निवडली, कारण इथलं धुकं बहुतेक वेळा उंचावर साचतं. माथ्यावर असता तर नेमक्या गरजेच्या रात्री दिवा ढगात बुडाला असता. आम्ही तिथे तास दीड तास बसलो. बाबा एक शब्द बोलले नाहीत. तुला ठाऊक आहे, ते गप्प बसतात म्हणजे काय.

तुझा लेक विचारणारच, ऐन उन्हाळ्यात धुकं कुठून येतं? त्याला सांग, वसंतापासून इथे वायव्येचा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून आत समुद्राकडे ढकललं जातं आणि त्याच्या जागी तळाचं गार पाणी वर येतं. दमट हवा त्या पाण्यावरून येताना थंड होते आणि तिचं धुकं होतं. तिकडे आतलं खोरं तापलं की तिथली हवा वर चढते आणि किनाऱ्यावरचं धुकं आत ओढून घेते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी सगळं झाकलेलं, दुपारी बरेचदा उघडीप आणि संध्याकाळी पुन्हा तेच. तुझ्या बेतात रोज सकाळी आठला निघणं आहे, म्हणजे धुक्यातच गाडी चालवायची आणि उघडल्यावर मुक्कामाला पोचायचं. उलट कर. सकाळ गाडीतच काढा, अकरानंतर निघा.

गाडीबद्दल थोडं. धुक्यात दिवे खालच्या झोतावरच ठेव, वरच्या झोताने समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. उत्तरेकडे येताना आपण डोंगराच्या बाजूला असतो, म्हणून जाताना हायवे वनने जा आणि परतताना हायवे 101 घे. मागे पाच गाड्या साचल्या की पुढच्या टर्नआउटला, म्हणजे रस्त्याकडेला थांबण्यासाठी ठेवलेल्या जागेत, बाजूला होऊन त्यांना जाऊ द्यायचं, तसा इथला कायदाच आहे. बाबांना पहिले दोन दिवस त्याचं दडपण होतं. मग ते पाचाची वाट न बघता दोन गाड्यांनाच वाट देऊ लागले आणि आमचा प्रवासच बदलला. अशाच एका टर्नआउटवर आम्हाला पाण्यात व्हेल दिसला.

पहिल्या रात्री थंडीच्या भीतीने मी सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या. सकाळी काचांवरून पाणी ओघळून अंथरुणाची कड भिजली होती. श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ जाणार कुठे? छताचा झरोका आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवत जा.

फोर्ट ब्रॅगजवळ मॅकेरिचर स्टेट पार्कमध्ये एका रात्रीसाठी उतरलो आणि जागा मिळाली म्हणून तीन रात्री राहिलो. दुसऱ्या दिवशी धुकं उघडलंच नाही. लाकडी पायवाटेने लगुना पॉइंटला गेलो, सील दिसत नव्हते, पण त्यांचा आवाज खडकांवरून येत होता. त्या दिवशी बाबांनी मला त्यांच्या आईबद्दल जे सांगितलं, ते चाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. दाखवायला काही नसतं ना बाहेर, तेव्हा माणूस बोलतो. ते तू त्यांच्याकडूनच ऐक.

आणि रेडवुड. जगातली सर्वांत उंच झाडं ही, सर्वांत उंच झाड तर 115 मीटरच्या वर. इथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो. धुकं पानांवर धरतं, थेंब होऊन खाली पडतं आणि मुळांना मिळतं. वर्षाच्या पाण्यातला सुमारे तिसरा हिस्सा त्यांना असा धुक्यातून मिळतो. प्रेरी क्रीकच्या रानात आभाळ कोरडं होतं आणि झाडांखाली टपटप चालू होती. मी तळहात पुढे करून उभी राहिले.

एक गोष्ट तुला कधीच बोलले नाही. तुझ्या लहानपणी आम्ही तुला असंच पळवलं. मागच्या सीटवर तू झोपलेली असायचीस. 'ऊठ, समुद्र आला' म्हणून उठवायचो, फोटो काढायचो आणि चल पुढे. एकदा तू शिंपला हातात धरून रडलीस, 'अजून पाच मिनिटं' म्हणून. आम्ही दिली नाहीत. मॅकेरिचरला तिसऱ्या रात्रीचे पैसे भरताना मला तेच आठवलं.

तेव्हा आठ दिवसांची रजा मिळते का बघ. नाहीच मिळाली तर वाटेतल्या मेंडोसिनोपर्यंतच जा, इथवर येऊ नका. आणि लेकाला लाटांकडे पाठ करून उभं राहू देऊ नकोस, या किनाऱ्यावर मधूनच एखादी लाट फार वरपर्यंत येते.

बाबांनी नकाशावर चांगले टर्नआउट लाल पेन्सिलीने खुणावले आहेत. व्हेल दिसला त्या जागी दोन फुल्या आहेत. नकाशा तुझ्यासाठी जपून ठेवला आहे.

तुझी,
आई